हुबलचा पाट

“इस दौर का हुबल कौन है?” परकारशेठनी माइकवर विचारलं, आणि जुम्म्याची नमाज आटपून चौकात रेंगाळलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.

मी स्टेजच्या पायरीपाशी उभा होतो. माइकची वायर सैल होती आणि ती दाबून धरायचं काम माझ्याकडे होतं. शाळेत जे काम कुणाचंच नसतं ते ड्रॉइंग मास्तरचं असतं.

“कौन है?” शेठनी पुन्हा विचारलं.

माझ्या शेजारचा एक तांडेल कानाशी लागला. “मास्तर, कोण रं हा हुबल? नवीन कस्टमवाला काय?”

“नाही हो. जुना देव आहे. इस्लामच्या आधीचा. मक्केत काब्यात सगळ्यात मोठी मूर्ती त्याची होती.”

“मग आता त्यानं काय केलंन?”

त्यानं काही केलं नव्हतं. तो बिचारा चौदाशे वर्षांपूर्वीच संपला होता. पण ते इराकच्या लढाईचं वर्ष होतं, आणि परकारशेठ वीस वर्षं आखातात राहून भाषणांच्या कॅसेटींनी भरलेली पेटी घेऊन साखरखाडीत परतले होते. त्या कॅसेटींतले वक्ते कुणाचं सरळ नाव घेत नसत. सातासमुद्रापारची महासत्ता म्हणजे आजचा हुबल, तिच्या मागेपुढे करणारी राज्यं म्हणजे त्याच्या जोडीच्या तीन देव्या, आणि आपण म्हणजे मूर्ती फोडायला निघालेले. शेठ ते ऐकायचे, घरात फेऱ्या मारून घोकायचे आणि शुक्रवारी आमच्यावर सोडायचे. घरी आमच्यासारखंच कोकणी बोलणारा हा माणूस माइक दिसला की उर्दूत शिरायचा.

“हुबल समुंदर पार बैठा है!” ते गरजले. “और दोन जुम्म्यांनंतर याच चौकात आपण त्याला पाडणार. लोक बघतील, पेपरवाले बघतील. बुत आपले होडेकर मास्तर तयार करतील!”

माझा हात वायरवरून सुटला. माइक बंद पडला, त्यामुळे पुढचं वाक्य फक्त पहिल्या रांगेला ऐकू गेलं. पण व्हायचं ते नुकसान आधीच झालं होतं.

मी तेव्हा साखरखाडीच्या उर्दू हायस्कूलमध्ये ड्रॉइंग मास्तर होतो, आणि टेम्पररी होतो. दर जूनमध्ये मला नवीन ऑर्डर मिळायची आणि दर एप्रिलमध्ये ती संपायची. कायम करायची सही संस्थेच्या अध्यक्षांची, म्हणजे परकारशेठची. त्या सहीवर माझं लग्नही अडलं होतं. मापारीचाचांच्या रैहानाशी माझं ठरल्यात जमा होतं, पण चाचा बंदरावर हिशेबनीस होते आणि त्यांना कच्चं काही चालत नसे. “पोरगा चांगला हाय,” ते माझ्यासमोरच इतरांना सांगत, “पण मे महिन्यात तो कोण असतो? कोणीच नाय. मी पोरगी जूनपासून एप्रिलपर्यंत देऊ काय?”

आणि मी शाळेत शिकवत तरी काय होतो? डोंगर, सूर्य, होडी, नारळाचं झाड. माणसं आणि जनावरं काढलेली मशिदीतल्या हाफिजसाहेबांना चालत नसत. होडी नेहमी रिकामी. माझ्या हाताखालून पोरांच्या पिढ्या गेल्या पण एकाच्याही होडीत नाखवा बसला नाही. उरलेला वेळ मी नावं रंगवायचो. परकारशेठ देणगीत उदार होते हे त्यांच्या शत्रूलाही मान्य होतं. बाक, टेबलं, पंखे, पाण्याचे माठ, घंटा, सगळं त्यांनी दिलं होतं, आणि प्रत्येक वस्तूवर ‘भेट : अल्हाज कमरुद्दीन परकार, अध्यक्ष’ असं असलंच पाहिजे असा त्यांचा दंडक होता. उर्दूत वर, मराठीत खाली. इतक्या ठिकाणी ते नाव होतं की शाळेत कुणाला ते दिसतच नसे. रंगवणाऱ्याला, म्हणजे मलाही नाही.

सभा संपल्यावर मी शेठच्या मागे मागे गेलो. “शेठ, मला मूर्ती करता येत नाही. आणि करता येत असती तरी हाफिजसाहेब मला ठेवतील का शाळेत?”

“हाफिजसाहेबांना मी समजावतो,” शेठ म्हणाले. “मास्तर, तू एवढं पार पाड. एप्रिल आलाय. तुझी फाइल माझ्या टेबलावर हाय.”

फाइल कुठे आहे हे मला ठाऊक होतं. तिच्यावर ते चहाचा कप ठेवायचे.

हाफिज युसुफ फकी मशिदीच्या ओट्यावर बिनदुधाचा चहा पीत बसले होते. ऐंशीच्या पुढचा माणूस, बोलायचा कमी. शेठनी त्यांना कॅसेटीतलं सगळं ऐकवलं. हाफिजसाहेबांनी बशी खाली ठेवली.

“कमरुद्दीन, हुबल साखरखाडीत कधी आला होता?”

“नाय.”

“मग तूच त्याला बोलावतोस आणि तूच त्याला हाकलतोस. त्यापेक्षा बोलावूच नको ना.”

“हाफिजसाहेब, ही मिसाल हाय. समजायला सोपं जावं म्हणून.”

“मिसालीला माती लागत नाय. तोंडानं सांग आणि सोड. तोडायला बुत पाहिजे म्हणून बुत घडवायचं, हे मी कुठल्या किताबात वाचलं नाय. आपल्या हातानं ते व्हायचं नाय.”

शेठ ओट्याच्या कडेला टेकले. “आपल्या हातानं नाय,” ते हळूच म्हणाले. “म्हणजे दुसऱ्याच्या हातानं झालेलं आणलं तर?”

हाफिजसाहेबांनी छपराकडे पाहिलं. नाही म्हणायला त्यांनी जरा उशीर केला, तेवढ्यात शेठनी ते हो म्हणून घेतलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “चल, खालच्या वाडीतला शांतू मेस्त्री. तो गणपती करतो. आता त्याला काम नसतं.”

“दिसायला कसा होता, ते तरी सांगा,” मी हाफिजसाहेबांना विचारलं. मेस्त्री विचारणार हे मला माहीत होतं.

ते नाइलाजाने बोलले. “लाल दगडाचा होता म्हणतात. माणसासारखा. उजवा हात तुटलेला, तो मक्केच्या कुरैश टोळीनं सोन्याचा बसवला. पुढ्यात सात बाण. कुणाला सफरीला निघायचं, कुणाला लग्न करायचं, की बाण काढून विचारायचे.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तू विचारू नको.”

शांतू मेस्त्रीची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्तींचा कारखाना, खाडीच्या काठाला होती. मार्चमध्ये तिथे कोंबड्या फिरायच्या. मेस्त्री मोठा कलाकार होता आणि हे तो स्वतःच सांगायचा. पंचक्रोशीतल्या दुसऱ्या कुठल्याही मूर्तिकाराचं नाव काढलं की तो थुंकायला बाहेर जायचा. परगावचा देव करायचा आहे म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले.

“नाव काय म्हणालात? हुबल. वाहन काय त्याचं?”

“वाहन नाही.”

“वाहन नाय? मग हिंडतो कसा?”

“हिंडत नाही. एका जागी उभा असतो.”

“बरं. हातात?”

“एक हात सोन्याचा. पुढ्यात सात बाण. लोक ते काढून विचारतात, काम करू की नको.”

“म्हणजे कौल लावतात आमच्या देवळात, तसा.” मेस्त्रीने मान हलवली. “मग बरा देव दिसतो. कार्यक्रम कसला हाय?”

मेस्त्रीला मी ओळखत होतो. त्याच्या हातची मूर्ती फोडायची आहे म्हटलं असतं तर त्याने माझंच काहीतरी फोडलं असतं. “जमातीचा कार्यक्रम आहे,” मी म्हणालो. “जुन्या काळाची माहिती देतात.”

“आणि नंतर? पाण्यात ना? आपली वस्तू पाण्यात गेली पायजे, मास्तर. कुठं उकिरड्यात पडलेली आपण बघणार नाय.”

“पाण्यातच,” मी म्हणालो.

संध्याकाळी शेठनी विचारलं, “एका लाथेत पडेल ना? लोकांसमोर दोन-तीन मारायला लागल्या तर बरं दिसत नाय.” “एका लाथेत,” मी म्हणालो. दोन्हीकडे हो म्हणणं हा टेम्पररी माणसाचा धर्मच असतो.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीने निरोप पाठवला की पाट आल्याशिवाय कामाला हात लागणार नाही. आमच्या भागात ज्याच्या घरी गणपती बसतो तो आपला लाकडी पाट मूर्तिकाराकडे आधीच नेऊन देतो. पाटावर घराचं नाव लिहिलेलं असतं. त्याच पाटावर मूर्ती घडते, त्यावरूनच घरी जाते, आणि विसर्जन झालं की पाट मात्र मूठभर वाळू घालून परत घरी आणतात. मी मेस्त्रीला म्हणालो की हा गणपती नाही, याला कसला आलाय पाट.

“पाटाशिवाय मूर्ती माझ्या आज्यानं केली नाय, बापानं केली नाय,” मेस्त्री म्हणाला. “उद्या कुणाची मूर्ती कुणाच्या घरी गेली तर?”

साखरखाडीत हुबल मागवणारं दुसरं घर नव्हतं, पण हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. मी शाळेच्या अडगळीतून एका मोडक्या टेबलाची वरची फळी काढली, काखेत मारली आणि त्याला नेऊन दिली. चांगली सागाची होती.

पुढचे दिवस मी सकाळी रिकाम्या होड्या शिकवायचो आणि दुपारी मेस्त्रीकडे जाऊन बसायचो. मूर्ती उभी राहत होती. पायथ्याशी ओलं किंतान गुंडाळलेलं असायचं. वर मात्र माणूस आकार घ्यायला लागला होता, रुंद छातीचा, जरा खिन्न चेहऱ्याचा. आपण कुणाला पाडायला चाललोय हे हळूहळू मला टोचायला लागलं. मेस्त्रीने बांबूच्या काड्यांचे सात बाण तासले आणि एक दिवस मूठ माझ्यापुढे धरली.

“तुमचं लगीन अडलंय म्हणतात. विचारू काय ह्याला?”

“नको, नको. तौबा.”

“अहो, कच्चा हाय अजून. रंगही नाय. सहज.” आणि त्याने काडी ओढलीच. “हो म्हणतोय.”

“कशावरून?”

“सरळ निघाली ना.”

मी पुन्हा तौबा केली आणि घरी निघालो. पण खोटं कशाला सांगू, त्या दिवशी माझी चाल हलकी होती.

शाडूची जाड मूर्ती सावकाश वाळते, आणि लढाई कुणाची वाट बघत नाही. आमच्या हुबलला लाल रंगाचा पहिला हात लागला त्याच आठवड्यात बंदरावरच्या हॉटेलातल्या टीव्हीवर एक पुतळा पडला. बगदादच्या चौकात त्याच्या गळ्यात साखळी अडकवून त्याला खाली ओढत होते. ओढणारे सैनिक हुबलचे होते. शेठ हातातला चहा विसरून बघत राहिले.

“हे काय?” ते म्हणाले. “पाडायचं तर आपल्याला होतं.”

“शेठ, आता कार्यक्रम रद्द करू या,” मी म्हणालो. “लढाई संपली म्हणतात.”

“आता तर करायलाच पाहिजे. नाय तर लोक म्हणतील, परकार बोलला आणि पाडला त्यांनी.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “शुक्रवार नीट पार पडू दे. शनिवारी ये फाइलीसाठी. किंवा नाय पडला तरी ये, सामान न्यायला.”

हॉटेलात मापारीचाचाही बसले होते. त्यांनी नवा चष्मा नाकावर सरकवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वटणार की नाही कळत नसलेली हुंडी होतो.

शुक्रवारी चौक भरला. खालच्या वाडीतली माणसं आली होती, कोळणी पाट्या खाली ठेवून उभ्या होत्या, तालुक्याच्या पेपराचा वार्ताहर कॅमेरा गळ्यात अडकवून आला होता. निम्म्या लोकांना अजूनही हुबल म्हणजे कुणीतरी गुन्हेगार वाटत होता आणि त्याला कुठून पकडून आणतायत हे बघायचं होतं. हाफिजसाहेब मशिदीच्या ओट्यावरच बसले होते, पण तोंड चौकाकडे होतं. स्टेजवर जमातीच्या लोकांनी परकारशेठच्या गळ्यात झेंडूचा भलामोठा हार घातला. मी वायर धरून उभा राहिलो.

टेम्पो आला. मूर्तीवर पांढरी चादर होती. मेस्त्री न्हाऊनधुऊन, नवा सदरा घालून टेम्पोत मूर्तीला धरून बसला होता. त्याच्या चार पोरांनी मूर्ती पाटासकट उचलून स्टेजवर ठेवली. मेस्त्री बाजूला उभा राहिला आणि लोकांकडे बघायला लागला. मूर्ती त्याची स्वतःची होती, ती त्याला पाहायची नव्हती. तोंडं पाहायची होती.

शेठचं भाषण झालं. हातात काठी आली. चादर ओढली गेली.

मेस्त्रीने जीव ओतला होता. पिकल्या कोकमासारखं लाल अंग, खांद्यापासून बोटांपर्यंत सोनेरी उजवा हात, पायाशी सात बाण, आणि चेहरा असा की याला आधी पाणी विचारावं असं वाटावं. एका कोळणीने सवयीने हात जोडले आणि शेजारणीने तिला कोपर मारलं. माझ्या शेजारचा तो तांडेल म्हणाला, “मास्तर, ह्याला कशाला मारायचं? गरीब दिसतो.”

शेठनी काठी उगारली.

“ओ शेठ, थांबा!” मेस्त्री मधे आला. “काठी कशाला? पाण्यात सोडायची ठरली हाय. मास्तर म्हणाले मला.”

शेठ सावकाश माझ्याकडे वळले. “मास्तर, तू तर मला सांगितलंस, एका लाथेत.”

“लाथ?” मेस्त्रीही माझ्याकडे वळला.

आता सगळा चौकच माझ्याकडे बघत होता. दोन्हीकडे दिलेले दोन हो एकाच जागी येऊन भेटले होते आणि माझ्या हातात फक्त एक वायर होती. कायमची ऑर्डर, रैहाना, सगळं मला खाडीत वाहत जाताना दिसलं. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी मापारीचाचा बोलले.

चाचा पहिल्या रांगेत होते. सोनेरी हातावरचं काम बघायला ते पुढे वाकले होते, आणि तिथून त्यांची नजर खाली पाटावर गेली. हिशेबनिसाला लिहिलेलं दिसलं की तो ते मोठ्याने वाचतो, त्याला इलाज नसतो.

“भेट,” चाचांनी वाचलं. “अल्हाज कमरुद्दीन परकार. अध्यक्ष.”

मीही वाकून पाहिलं. माझंच अक्षर. टेबलाच्या कडेला मी कधीतरी रंगवलेलं आणि मग कधीच न दिसलेलं. मेस्त्रीला ते कुणाच्या घरची मूर्ती हे सांगणारं नाव वाटलं होतं, म्हणून त्याने ती कड दर्शनी ठेवली होती आणि अक्षरांवरून उरलेल्या सोनेरी रंगाचा हात फिरवला होता. उर्दू त्याला येत नव्हतं, तरी नुक्त्याचं एक टिंबही चुकलं नव्हतं.

“म्हंजे हा हुबल शेठचाच काय?” गर्दीतून कुणीतरी विचारलं. चेष्टेने नाही, माहिती म्हणून विचारलं.

“नाव तर त्यांचंच हाय.”

“मग स्वतःच्याला कशाला मारतात?”

कुठेतरी एक हसू फुटलं आणि चौकभर पसरलं. शेठची काठी हवेतच होती. त्यांनी ती मूर्तीच्या बाजूने आणली, मग नाव बघितलं आणि थोडी वर नेली, पुन्हा नाव बघितलं. मूर्तीला मारायचं तर ती कोसळून नावावर पडणार, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांच्या कपाळावरचा घाम मला खालून दिसत होता आणि त्या क्षणी मला त्यांची खरंच दया आली.

मशिदीच्या ओट्यावरून हाफिजसाहेब बोलले. आवाज लहान होता, पण माइकच्या आवाजानंतर लहान आवाज चांगला ऐकू येतो.

“कमरुद्दीन, मूर्ती राहू दे. फळी फोड.”

हसू थांबलं. सगळे शेठच्या हाताकडे बघत राहिले. शेठनी काठीची मूठ घट्ट धरली, हात मागे नेला. मला वाटलं, मारतात. पण तो हात खाली येईना. ज्याने समुद्रापलीकडच्या महासत्तेला दर शुक्रवारी लोळवलं, त्याच्याने वीतभर रंगावर काठी मारवेना.

मग त्यांना सुचेल ते त्यांनी केलं. नाव झाकायला पाहिजे होतं आणि हाताशी काही नव्हतं. त्यांनी काठी टाकली, गळ्यातला झेंडूचा हार काढला आणि वाकून पाटावर, मूर्तीच्या पायाशी, घाईघाईने पसरला.

कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला.

“नका काढू!” शेठ ओरडले, पण फोटो निघाला होता. तालुक्याच्या पेपरात तो पहिल्या पानावर आला. खाली लिहिलं होतं, ‘प्राचीन देवतेस पुष्पहार अर्पण करताना मान्यवर.’

“पाण्यात टाका हे!” शेठ चौकाला उद्देशून म्हणाले. आवाज आता उर्दू राहिला नव्हता. “आधी पाण्यात टाका!”

“मी तेच म्हणत होतो,” मेस्त्री म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहून समाधानाने मान डोलावली.

मेस्त्रीच्या पोरांनी मूर्ती उचलली. खाडी पन्नास पावलांवर होती आणि भरती होती. मागून निम्मा चौक निघाला, कारण आमच्या गावात मूर्ती पाण्याकडे चालली की कुणाचीही असो, माणसं मागून निघतातच. शेठ सगळ्यात पुढे होते. त्यांना ती नजरेआड व्हायला हवी होती. पोरं कमरेएवढ्या पाण्यात गेली, हुबलला तीनदा खालीवर केलं आणि सोडलं. लाल रंग पाण्यावर पसरला. तेवढ्यात त्यांतल्या एकाच्या तोंडून दरवर्षीच्या सवयीने निघून गेलं, “पुढच्या वर्षी लवकर या!”

“नको!” परकारशेठ काठावरून म्हणाले. “नको रे बाबा.”

हुबलने ते मनावर घेतलं. पुन्हा तो साखरखाडीत आला नाही.

लोक पांगायला लागले. शेठ पाण्याकडे पाठ करून निघाले, तेवढ्यात मागून मेस्त्रीने हाक मारली. तो ओल्याचिंब धोतराने पाण्यातून वर येत होता आणि त्याच्या दोन्ही हातांत पाट होता. पाटावर मूठभर वाळू ठेवलेली होती.

“शेठ, हा विसरलात,” मेस्त्री म्हणाला. “मूर्ती जाते. पाट घरी न्यायचा असतो.”

ऑइलपेंटला पाण्याने काही झालं नव्हतं. उलट धुऊन निघाल्यामुळे नाव जास्तच झळकत होतं. शेठनी मेस्त्रीकडे पाहिलं, तो चेष्टा करत नव्हता. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि पाट घेतला. वाळू सांडू नये म्हणून जपून धरला आणि चढावरून घरी गेले.

शनिवारी मी सामान न्यायला एक पिशवी घेऊनच शाळेत गेलो. माझं सामान म्हणजे ब्रश आणि एक स्टूल, आणि स्टुलावरही त्यांचंच नाव होतं.

शेठ ऑफिसात बसले होते. टेबलावर माझी फाइल, तिच्यावर चहाचा कप, शेजारी तो पाट. वाळू कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेली होती. तिचं काय करायचं असतं हे त्यांना विचारायचं असावं, पण विचारलं नाही.

“हाफिजसाहेब रात्री घरी आले होते,” शेठ म्हणाले. “काय बोलले नाय. जेवले आणि गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.” मग त्यांनी पाट आपल्याकडे वळवला. “मास्तर, हात उचलला नाय माझा. सगळ्यांनी बघितलं ना?”

“बघितलं, शेठ.”

“तू मुद्दाम तर आणली नाय ही फळी?”

“मला नाव दिसलंच नाही, शेठ. अल्लाची शपथ. शाळेत कुणालाच ते दिसत नाही.”

हे मी त्यांची समजूत काढायला म्हणालो होतो, पण त्यांचा चेहरा पडला. इतकी वर्षं आपलं नाव सगळीकडे आहे या समाधानात तो माणूस जगला होता. त्यांनी मान वर करून डोक्यावरच्या पंख्याकडे पाहिलं, मग दारातल्या माठाकडे, मग खिडकीतून घंटेकडे.

“पुसून टाक,” ते म्हणाले. “सगळीकडचं. पाट पहिला. किती दिवस लागतील?”

माझ्या काखेत पिशवी होती, एप्रिल चालू होता आणि बंदरावर मापारीचाचा बसलेले होते. आयुष्यात मला वेळेवर सुचलेली ती एकच गोष्ट.

“शेठ, बाक आहेत, टेबलं आहेत, पंखे आहेत,” मी म्हणालो. “खरवडायचं, घासायचं, पुन्हा रंग द्यायचा. टेम्पररी माणसाच्यानं ते काम संपायचं नाही. त्याला कायम माणूस लागेल.”

शेठनी माझ्याकडे पाहिलं. एकदा मिशी हलली. मग त्यांनी फाइलीवरचा कप उचलून पाटावर ठेवला आणि पेन काढलं.

रैहानाचं आणि माझं लग्न जूनमध्ये झालं. मेस्त्री आला होता आणि बाण सरळ निघाला होता हे त्याने जेवणाच्या पंगतीत सगळ्यांना सांगितलं. हाफिजसाहेबांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं नाही असं दाखवलं.

परकारशेठ जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटपर्यंत देणग्या देत राहिले, नाव कुठे घालू दिलं नाही. भाषणंही करायचे, पण हुबलवर कधी आले नाहीत. दोन वर्षांत मी निवृत्त होईन. रैहाना विचारते, ते नावं पुसायचं काम संपवलंत का. मी म्हणतो, होत आलंय. खरं म्हणजे एक राहिलंय, ड्रॉइंगच्या वर्गातल्या पंख्यावरचं. ते मी राहू दिलं आहे. पंखा फिरायला लागला की ते दिसत नाही, आणि आमच्याकडे उकाडा असतो, त्यामुळे तो बहुतेक फिरतच असतो.